प्लाय कापून घ्यायला येताय? या, या!

गणपती तोंडावर आलेत, त्यामुळे सांगलीत प्लायवूड कापून घ्यायला येणाऱ्या तमाम मंडळींसाठी चार हिताच्या गोष्टी सांगतो. मी दुकानात कटिंगच्या मशीनवर उभा असतो. आम्हाला काय आवडतं ते माझ्याइतकं कोण सांगणार?

पहिलं म्हणजे, माप घरून आणू नका. दुकानात आल्यावर मशीनला टेकून वहिनींना फोन लावा आणि टेप शोधायला सांगा. टेप नाहीच सापडली तर "दोन विती आणि वर चार बोटं" असं कळवू दे. फळी बसली नाही की चूक आमचीच.

लांबी फुटात सांगा, रुंदी सेंटिमीटरमध्ये.

वेळ म्हणाल तर आम्ही डबा उघडला की या, नाहीतर शटर अर्धं खाली आल्यावर वाकून आत शिरा. "एकच काप आहे रे" म्हणा. तुमच्या एका कापात साधारण चौदा काप असतात, हे आम्हाला ठाऊक आहे.

2018 ला थर्माकोलवर बंदी आली आणि मखरं प्लायची झाली, चांगलंच झालं. तेव्हा मखराची महिरप आदल्या रात्रीच आणा. मशीन फक्त सरळ कापतं, असं बोर्डावर मोठ्या अक्षरात लिहिलंय. बोर्ड वाचायचा नसतो.

सगळ्यात स्वस्त कमर्शियल प्लाय घ्या आणि विचारा, "पुरात टिकेल ना?"

पुरावरून आठवलं. 2019 च्या पाण्यात भिजलेला जुना दरवाजा माळ्यावर असेल तर तोही घेऊन या. बाहेरचा माल कापत नाही, हा नियम तुमच्यासाठी नाहीच. "मालक आपले दोस्त आहेत" म्हणा, जमलं तर फोनच लावून द्या. नियम मालकांनीच केलाय, पण दोस्तापुढे ते "बघ रे जरा" म्हणतात. त्या लाकडात खिळे असतात, फटींत नदीचा गाळ असतो. ब्लेडच्या दातांना कार्बाइडच्या टिकल्या असतात. खिळा लागला की टिकली उडते आणि कुणाच्या डोळ्यात जायचं हे ती आधी कळवत नाही. नवीन ब्लेडच्या बिलाच्या वेळी मात्र दोस्ती कुठं जाते कुणास ठाऊक.

आता खास सल्ला: आम्ही काही सांगायला लागलो की "तू काप रे" म्हणायचं. गेल्या रविवारी विश्रामबागचे एक साहेब आले होते. 8 बाय 4 ची 18 एमएमची शीट घेतली. 8 फूट लांबी, म्हणजे 96 इंच. त्यांना 16 इंचाचे 6 तुकडे हवे होते. सोळा सक शहाण्णव, हिशोब चोख! मी म्हटलं, "साहेब, शेवटचा तुकडा कमी भरेल. ब्लेड खातं, कापाला एक सूत." सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. 6 तुकडे म्हणजे 5 काप, 5 सूत गेलं. "सगळे 15 इंच 7 सुतांचे करू का?" असंही विचारलं. "तू काप रे, मी इंजिनियर आहे." कापलं. शेवटचा तुकडा 15 इंच 3 सूत. साहेबांनी टेप लावली, पुन्हा लावली, तुकडा फिरवून लावली. मग शीटच आखूड दिली म्हणाले. मी जोडून दाखवलं, तर म्हणतात, "मग पाच सूत गेलं कुठं?" मशीनखालचं भुशाचं पोतं दाखवलं. त्यांना तो पुरावा वाटेना! शीट बदलून द्या म्हणे, सहा तुकडे केलेली शीट! चार गिऱ्हाईकं गोळा झाली. शेवटी मालक आले आणि सगळ्यांदेखत मलाच म्हणाले, "आधी सांगायला काय झालं होतं?"

अहो, सांगितलं होतं! ब्लेडला जाडी असते. तुमच्या आजोबांच्या करवतीलाही होती. ते पाच सूत मी घरी नेऊन काय करू, वरण शिजवू? तुम्ही इंजिनियर असाल, डॉक्टर असाल, कुणीही असा. दिवसभर भुसा खात जो माणूस कापतोय त्याचं दोन मिनिटं ऐकायला काय जातं तुमचं? फुकट कटिंग म्हणजे माणूस फुकट मिळाला असं नव्हे. चार इंचांच्या आतली पट्टी कापत नाही म्हटलं की तोंड वाकडं करता. ती पट्टी धरायला ब्लेडजवळ माझी बोटं जातात, तुमची नाही.

मापं कागदावर लिहा, सगळी एमएममध्ये, आणि तो कागद हातात देऊन पिवळ्या पट्ट्याच्या बाहेर थांबा. ब्लेड फिरत असताना मागून खांद्यावर थाप मारून "भावा, झालं का?" अजिबात विचारायचं नाही. परत कुणी तसं केलं तर मशीन बंद करून मी चहाला जाणार आहे, मग करा मालकांना फोन.