बाबांचे गुडघे आणि आमची सहल

आमच्या घरात नकार कोणी स्वतःच्या नावावर देत नाही. त्यासाठी बाबांचे गुडघे आहेत. लांबचं लग्न टाळायचं असलं की 'बाबांच्या गुडघ्यांना एवढा प्रवास झेपणार नाही हो.' सोसायटीच्या मीटिंगला जायचं नसलं की 'बाबांचे गुडघे धरलेत, घरी कोणीतरी हवं.' माझ्या नवऱ्याने, अभिजितने, तर एकदा रविवारचं ऑफिस याच गुडघ्यांवर चुकवलं आणि दिवसभर मॅच बघितली. बाबा स्वतः मात्र त्याच गुडघ्यांवर रोज सकाळी डोंबिवलीच्या मार्केटात चालत जातात, कोथिंबिरीच्या जुडीमागे दोन रुपये कमी करून घेतात आणि चालतच परत येतात. यावर घरात कोणी अवाक्षर काढत नाही. सोय सगळ्यांचीच आहे.

तर लेकीने, म्हणजे ओवीने, जेवताना इमॅजिका या थीम पार्कचा विषय काढला तेव्हा ताटावरचे तिन्ही मेंदू एकाच दिशेने धावले.

ओवी नववीत आहे. या वयाच्या मुलांना आईवडिलांबरोबर बाहेर दिसणं हा सामाजिक गुन्हा वाटतो. तिला मैत्रिणींबरोबर जायचं होतं. मी म्हटलं, "जायचं तर सगळ्यांनी." त्यावर तिने चेहऱ्यावर अशी काही करुणा आणली की तिला स्नेहसंमेलनात बक्षीस मिळावं. "अगं पण आई, आबाचे गुडघे? त्याला किती त्रास होईल! बिचारा." अभिजितने मोबाइलवर चार तिकिटांचा हिशोब केला आणि तोही लगेच हळवा झाला. "खरंय. बाबांची आबाळ नको." आणि मी? मी त्या दुपारीच 'नायट्रो' नावाच्या रोलर कोस्टरचा व्हिडिओ बघितला होता. सुमारे 40 मीटर उंची, ताशी 105 किलोमीटर वेग, पाच वेळा उलटंपालटं, आणि या सगळ्यात पायाखाली फरशी नाही, पाय हवेत लोंबकळतात. ओवी मला त्यात ओढणार हे उघड होतं. म्हणून मीही सुस्कारा सोडला. "हो ना, बाबांना एकटं कुठे सोडायचं?"

पेपरच्या मागून आवाज आला, "आहे कुठे ते?"

"खोपोलीजवळ, बाबा. पालीच्या रस्त्याला."

पेपर खाली आला. "पालीच्या रस्त्याला? कुठल्या गावापाशी?"

"सांगडेवाडी," ओवीने मोबाइलमध्ये बघून सांगितलं.

बाबांनी चष्मा काढून पुसला. आमचे बाबा उभी हयात एस.टी.त होते. आधी कंडक्टर, मग वाहतूक नियंत्रक. पनवेल स्टँडवरच्या खिडकीत बसून 'पेणकडे जाणारी गाडी फलाट क्रमांक अमुकवर लागत आहे' असं ते ज्या आवाजात सांगायचे, त्याच आवाजात ते आजही घरात चहा मागतात. "खोपोली-पाली माझा रूट," ते म्हणाले. "मी रिटायर झालो तेव्हा तिथे कसलं पार्क नि कसलं काय. कधी झालं हे?"

"2013."

"मग बघायला हवं," बाबा म्हणाले, आणि आम्हा तिघांचे घास एकदमच अडकले.

त्या रात्रीपासून सहलीचं नियोजन घरातल्या घरात एका डेपोकडे गेलं. माझा बेत साधा होता: गाडी काढायची, जायचं, यायचं. बाबांनी जुनी वही काढली, पट्टीने रकाने आखले आणि वर लिहिलं, 'शेड्यूल'.

पहिला वाद वाहनाचा. बाबांच्या मते एस.टी. असताना गाडी काढणं म्हणजे शुद्ध चैन. 2022 च्या ऑगस्टपासून पंचाहत्तरीच्या पुढच्यांना एस.टी. फुकट आहे आणि बाबा सत्त्याहत्तरचे. 2023 च्या मार्चपासून बायकांना अर्धं तिकीट. "मी फुकट, तू हाफ, ओवी हाफ," बाबांनी बोटांवर मोजलं. "फुल तिकीट फक्त अभिजितरावांचं." अभिजित बाबांचा एकुलता एक जावई. इतक्या वर्षांच्या सेवेनंतर घरातला पूर्ण दराचा एकमेव प्रवासी म्हणून आपली नोंद व्हावी, हे त्याच्या मनाला फारच लागलं. त्याने स्वतःच गाडीत पेट्रोल भरून आणलं.

मग तारीख. मे महिना बाद, कारण उन्हाने सिमेंटची वाट तापली की बाबाच काय, मीही वितळते. जून ते सप्टेंबर रायगडातला पाऊस, त्याबद्दल न बोललेलं बरं. ऑक्टोबरात चाचणी परीक्षा. दिवाळीच्या सुट्टीत अख्खी मुंबई आणि अर्धं पुणं तिथेच असणार. उरला डिसेंबर. त्यातला एक शनिवार सगळ्यांना सोयीचा निघाला. एरवी आमच्या घरात असं एकमत फक्त बाहेरून जेवण मागवण्यावर होतं. ओवीने आनंदाने तारीख ग्रुपवर टाकलीसुद्धा. बाबांनी भिंतीवरचं कालनिर्णय उलटवलं आणि शांतपणे म्हणाले, "संकष्टी आहे."

"मग काय झालं? उपवासाचं खाऊ."

"उपवासाचं नाही म्हणत मी. वाटेत महड आहे, पुढे पाली आहे. संकष्टीला दोन्हीकडे रांग किती असते, कल्पना आहे?"

इथे ओवीचा चेहरा बघण्यासारखा झाला. इमॅजिका दोन अष्टविनायकांच्या मधल्या रस्त्यावर आहे ही भौगोलिक माहिती तिला शाळेने दिली नव्हती. अलीकडे महडचा वरदविनायक, पलीकडे पालीचा बल्लाळेश्वर. मराठी माणूस अष्टविनायकाच्या इतक्या जवळून नुसता कसा जाईल? बाबांच्या वहीत रोलर कोस्टरच्या वर महड आणि खाली पाली असं चढलं. पालीत आधी मागच्या धुंडीविनायकाचं दर्शन, मग बल्लाळेश्वर, हा क्रम चुकता कामा नये. तिथली मोठी घंटा चिमाजीअप्पांनी वसईच्या मोहिमेनंतर दिली असं सांगतात, ती ओवीने बघायची. आणि पालीपर्यंत गेलोच आहोत तर उन्हेऱ्याची गरम पाण्याची कुंडं काय दूर आहेत? "गुडघ्यांना उत्तम," बाबा माझ्याकडे बघत म्हणाले. आमचंच अस्त्र आमच्यावर! सहल एका दिवसाची होती ती मुक्कामी गाडी झाली.

"आई, मी थीम पार्क म्हटलं होतं," ओवी स्वयंपाकघरात येऊन दबक्या आवाजात म्हणाली. "ही यात्रा कंपनी कधी झाली?"

मी म्हटलं, "आबाला सांग."

ती सांगायला गेली आणि तासभर आलीच नाही. जाऊन बघते तर दोघं जेवणाच्या टेबलावर पार्कच्या नकाशाची प्रिंट पसरून बसलेले. ओवीच्या हातात हिरवं स्केचपेन, बाबांच्या हातात लाल. ती राइड्सवर हिरव्या खुणा करत होती आणि बाबा स्वच्छतागृहांवर लाल. बाबांचं म्हणणं, कुठल्याही स्टँडवर गेल्यावर पहिल्यांदा मुतारी कुठे आणि पिण्याचं पाणी कुठे हे बघून ठेवायचं, बाकीचं जग नंतर. दोन लाल खुणांमधलं अंतर ते पट्टीने मोजत होते आणि ज्या हिरव्या खुणेच्या आसपास लाल खूण नाही ती राइड त्यांच्यापुरती रद्द करत होते. या वयात प्रवासाचं नियोजन असंच होतं. आपण प्रेक्षणीय स्थळं बघतो आणि ते दोन स्थळांमधली सोय बघतात. मला विचाराल तर हीच पद्धत शहाणपणाची आहे. चाळिशी उलटल्यावर मीही मनातल्या मनात लाल खुणाच शोधत असते.

"हे काय आहे, राजासौरस?" बाबांनी विचारलं.

"डायनासोर, आबा. खरा होता. गुजरातमध्ये सापडली त्याची हाडं. त्याचं पूर्ण नाव राजासौरस नर्मदेन्सिस, नर्मदेवरून."

"म्हणजे गुजरात एस.टी.च्या हद्दीतला," बाबांनी नोंद केली. "आणि हे नायट्रो?"

ओवीने व्हिडिओ लावला. बाबांनी मोबाइल नाकापाशी धरून पूर्ण बघितला, मग पुन्हा बघितला. मला वाटलं, आता म्हणतील हे असलं काही पोरीला नको. बाबा म्हणाले, "पायाखाली फ्लोअर नाही?"

"नाहीये. तीच तर मजा आहे."

"फ्लोअर नसताना याला पासिंग दिलं कोणी?"

ओवी हसून हसून खुर्चीतून घसरली. तिने तो संवाद तिच्या मैत्रिणींच्या ग्रुपवर टाकला, तिथे बाबा रातोरात प्रसिद्ध झाले, आणि 'सगळ्यांनी जायचं' ही माझी अट ही मुळात तिचीच कल्पना होती, असं दुसऱ्या दिवसापासून ती सांगू लागली.

खरा तिढा व्हीलचेअरचा होता. बाबा मार्केटपर्यंत चालतात हे खरं, पण पार्कात दिवसभर चालणं निराळं. शेजारच्या काकूंच्या माळ्यावर काकांच्या ऑपरेशनच्या वेळची व्हीलचेअर पडून होती. मी घाबरत घाबरत विषय काढला.

"मी पेशंट आहे का?" बाबा.

"तसं नाही बाबा, फक्त मधेमधे…"

"गुडघे माझे आहेत. मला माहीत आहे त्यांचं काय ते."

अभिजितने समजावून बघितलं. जावयाला उलट बोलायचं नाही म्हणून बाबांनी त्याचं सगळं ऐकून घेतलं आणि टीव्हीचा आवाज वाढवला. शेवटी ओवीने काकूंकडून खुर्ची परस्पर खाली पार्किंगमध्ये नेली आणि वर येऊन म्हणाली, "आबा, एक जुनी गाडी आलीये. रूटवर काढण्यासारखी आहे का, जरा बघतोस?"

बाबा लगेच चपला घालून खाली. आधी त्यांनी खुर्चीभोवती एक पूर्ण चक्कर मारली. मग वाकून, होय, त्याच गुडघ्यांवर वाकून, मागचं चाक हाताने फिरवून बघितलं. डावीकडचा ब्रेक ओढला, सोडला, पुन्हा ओढला. "हा धरत नाही नीट." पाय ठेवायच्या पट्टीचा स्क्रू ढिला होता, तो त्यांनी खिशातल्या दहाच्या नाण्याने घट्ट केला. पुढच्या छोट्या चाकात केसांचा गुंता अडकलेला होता. तो नखाने ओढून काढत असताना वॉचमन येऊन बघत उभा राहिला. त्यालाही बाबांनी तेलाची बाटली आणायला पिटाळलं. तेल घालून झालं, ब्रेकचा नट आवळून झाला. मग हात पुसत म्हणाले, "ट्रायल घ्यावी लागेल. रिकामी गाडी बघून काही कळत नाही." आणि स्वतःच खुर्चीत बसले.

ओवीने मागून दांडे धरले. ढकलणार तेवढ्यात बाबांनी हात वर केला. "डबल दिल्याशिवाय गाडी हलवायची नाही."

"टिंग टिंग," ओवी म्हणाली.

सी विंगपासून ए विंगपर्यंत, पाण्याच्या टाकीला वळसा घालून, मीटरच्या खोलीपाशी विनंती थांबा घेऊन गाडी वेळेत परत आली. दुसऱ्या फेरीला तळमजल्यावरचा पाच वर्षांचा मुलगा बाबांच्या मांडीवर होता. बाबांनी त्याला हाफ तिकीट लावलं.

यानंतर शेड्यूल झपाट्याने पुरं झालं. संकष्टी टाळून पुढचा शनिवार ठरला. निघायची वेळ पहाटे साडेपाच, कारण 'गाडी डेपोतून वेळेवर सुटली तर पुढचं सगळं वेळेवर.' अभिजितला मोबाइलवाली बाई एक्स्प्रेसवेने नेणार होती. बाबांनी तिला डावलून जुना रस्ता लिहिला, कारण खोपोलीला रमाकांतचा वडा खाल्ल्याशिवाय त्यांच्या सर्व्हिसमधली एकही गाडी पुढे सरकलेली नाही. गोळ्यांच्या डबीला वहीत स्वतंत्र रकाना मिळाला आणि ओवीच्या पॉवर बँकेलाही. पार्कात जेवणाचं काय, बाबांना चालेल का, असं मी काळजीने विचारलं तर ते म्हणाले, "मी आयुष्यभर स्टँडच्या कॅन्टीनमध्ये जेवलोय. माझी काळजी करू नकोस."

काल रात्री त्यांनी वहीचं शेवटचं पान फाडून फ्रिजवर लावलं. वर ठळक अक्षरात 'ड्युटी चार्ट'. मी चहाचं आधण ठेवता ठेवता वाचलं. 'आय फॉर इंडिया' या बसल्या जागी भारतावरून उडवून आणणाऱ्या खेळाला: स्वतः बाबा, खिडकीची सीट. (तिथे खिडकी नसते हे सांगायची कोणाची प्राज्ञा नाही.) राजासौरस: सर्व. वस्तू सांभाळणे, गोळ्या, पाणी, नायट्रोबाहेरचा बाक: बाबा. नायट्रो: ओवी, ओवीची आई, अभिजितराव.

"बाबा," मी म्हटलं, "तुम्हाला बाकावर एकटं कसं सोडणार? मी थांबते ना तुमच्याजवळ."

"का? मला काय झालंय?"

"नाही, म्हणजे… गुडघे…"

"बसलेल्या माणसाचे गुडघे दुखत नाहीत," बाबा म्हणाले. "इतकी वर्षं माझ्या गुडघ्यांवर तुम्ही किती रजा काढल्यात, त्याचा हिशोब आहे माझ्याकडे."

ओवी दारात उभी राहून फिदीफिदी हसत होती. अभिजित तेवढ्यात पाठीवर हात ठेवून आत आला. कालपासून कमरेत उसण भरल्यासारखी वाटतेय, नायट्रोला बहुतेक जमणार नाही, असं तो चेहरा वाकडा करून सांगू लागला.

बाबांनी पेन उघडलं, चार्टवर त्याच्या नावापुढे 'सिक' असं बारीक अक्षरात लिहिलं आणि चष्म्यावरून बघत म्हणाले, "शुक्रवारपर्यंत डॉक्टरचं सर्टिफिकेट जोडा, अभिजितराव. नाहीतर बिनपगारी धरीन."