एका प्रतिक्रियेला उत्तर : पुण्यातला अनुभव आणि ऑन्टारियोचा वाहन परवाना

सप्रेम नमस्कार.

कॅनडातील ऑन्टारियो प्रांताच्या वाहन परवान्यावरचा माझा लेख वाचून आपण सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत, त्याबद्दल आभार. आपले आक्षेप तीन आहेत. पुण्यात पंधरा वर्षे मोटार चालवलेल्या माणसाला येथे लेखी परीक्षेला बसवणे हा अपमान आहे आणि मी त्या नियमाची पाठराखण केली, हा पहिला. डिमेरिट पॉइंट, म्हणजे नियम मोडल्याबद्दल चालकाच्या नोंदीत चढणारे दोषगुण, दोन वर्षांनी जातात, तरीही मी नवागतांना निलंबनाची आणि विम्याची भीती घातली, हा दुसरा. नंबर प्लेटविषयीची माझी माहिती जुनी आहे, हा तिसरा. यांपैकी तिसरा आक्षेप खरा आहे, म्हणून तेथूनच सुरुवात करते.

नंबर प्लेटवरचे मुदत दाखवणारे स्टिकर बंद झाले असले तरी प्लेटचे नूतनीकरण ज्याचे त्याने करावे लागते, असे मी लिहिले होते. १३ मार्च २०२२ पासून खासगी मोटारींचे स्टिकर आणि त्यांचे शुल्क रद्द झाले तेव्हा नूतनीकरणाची अट कायम होती, आणि स्टिकरच नसल्यामुळे ती कित्येकांच्या लक्षातून गेली. १ जुलै २०२४ पासून मात्र हे नूतनीकरण आपोआप होते, त्यामुळे माझे वाक्य आता चुकीचे ठरते आणि ते मी दुरुस्त केले आहे. शाळांजवळच्या वेगमापक कॅमेऱ्यांविषयीचा परिच्छेदही काढून टाकला आहे, कारण १४ नोव्हेंबर २०२५ पासून प्रांताने त्या कॅमेऱ्यांवर बंदी घातली.

तरीही ‘आता प्लेटचा विचारच करायला नको’ हा आपला निष्कर्ष मला मान्य नाही. विमा चालू असेल आणि दंड किंवा टोल थकलेला नसेल, तरच हे नूतनीकरण आपोआप होते. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की आपल्याकडे एमएच-१२ चा क्रमांक गाडीबरोबर राहतो आणि गाडी विकली की तो नव्या मालकाकडे जातो. ऑन्टारियोत १९८२ पासून प्लेट गाडीची नसून माणसाची असते. गाडी विकताना आपल्या प्लेट काढून घ्यायच्या असतात. माझ्या एका मैत्रिणीला हे ठाऊक नव्हते. तिने गाडी प्लेटसकट दिली आणि पुढे कित्येक महिने टोलची बिले तिच्याच नावाने येत राहिली. लाल सिग्नलवरच्या कॅमेऱ्याचा ३२५ डॉलरचा दंडही प्लेट ज्याच्या नावावर आहे त्यालाच येतो, मग गाडी कोणीही चालवत असो. प्लेट पुढे आणि मागे दोन्हीकडे असावी लागते आणि ती स्वच्छ दिसावी लागते; जानेवारीत बर्फाने झाकलेली प्लेट पुसून मगच निघावे, हे मी लेखात लिहायला विसरले होते.

आता अनुभवाचा प्रश्न. आपला सर्वांत बळकट मुद्दा असा, की ब्रिटन आणि जपान येथेही गाड्या डाव्या बाजूने चालतात, तरी तेथील परवाना येथे परीक्षेशिवाय बदलून मिळतो. मग भारताचा का नाही? याला माझे उत्तर असे, की या व्यवस्थेत प्रश्न बाजूचा नाही, कराराचा आहे. ज्या देशांशी ऑन्टारियोचा परवाना-अदलाबदलीचा करार आहे, त्यांत भारत नाही. याचे आपल्याला वाईट वाटते, तसे मलाही वाटले होते. परंतु माझा स्वतःचा भारतातला पक्का परवाना मला कसा मिळाला हे आठवले, की तक्रार करताना माझा शब्द अडखळतो. एका मोकळ्या मैदानात मी गाडी सरळ पुढे नेली, तशीच मागे आणली आणि चाचणी संपली. रस्त्यावर एकदाही जावे लागले नाही. त्यानंतर नाशिकच्या रस्त्यांनी मला पुष्कळ शिकवले, पण ते शिक्षण परवान्याच्या कागदावर कोठेही उमटलेले नव्हते, आणि परक्या प्रांतातल्या अधिकाऱ्यापुढे फक्त तो कागद असतो.

शिवाय आपण समजता तसा हा नियम आपला अनुभव शून्य धरत नाही. येथे स्थायिक होणाऱ्याला पहिले ६० दिवस भारतीय परवान्यावर गाडी चालवता येते. त्यानंतर दृष्टितपासणी आणि लेखी परीक्षा द्यावी लागते. तीत नियमांचे २० आणि चिन्हांचे २० प्रश्न असतात आणि प्रत्येक भागात किमान १६ उत्तरे बरोबर लागतात. ती उत्तीर्ण झाल्यावर जी-वन हा शिकाऊ परवाना मिळतो; त्यापुढची पायरी जी-टू, आणि शेवटचा पूर्ण परवाना म्हणजे जी. अठरा-वीस वर्षांच्या नवशिक्याला जी-टूच्या चाचणीसाठी येथून बारा महिने थांबावे लागते, किंवा मान्यताप्राप्त वर्ग केला तर आठ. आपल्यासारख्या अनुभवी माणसाला मात्र थांबावे लागत नाही : दोन वर्षांहून अधिक अनुभवाचे अधिकृत पत्र असेल, तर थेट शेवटची जी चाचणी देता येते, आणि एक ते दोन वर्षांचा अनुभव असेल, तर जी-टूची. हे पत्र परवाना देणाऱ्या आरटीओचे किंवा भारतीय दूतावासाचे असावे लागते. आपण स्वतःच लिहिले आहे की पत्राची खटपट कोण करणार म्हणून आपण तो मार्ग सोडून दिला. म्हणजे पंधरा वर्षे कोणी नाकारली नाहीत. ती सिद्ध करणारा कागद पुढे आला नाही.

लेखी परीक्षेचा अपमान वाटण्याविषयी एवढेच सांगते, की तिच्यातल्या कितीतरी गोष्टी मला खरोखर माहीत नव्हत्या. चारही बाजूंना थांब्याची, म्हणजे ‘स्टॉप’ची, पाटी असलेल्या चौकात जो आधी थांबला तो आधी निघतो, आणि दोघे एकाच वेळी आले तर उजवीकडच्याचा हक्क पहिला असतो. शाळेच्या बसचे लाल दिवे लुकलुकत असतील, तर मध्ये दुभाजक नसलेल्या रस्त्यावर समोरून येणाऱ्यानेही थांबायचे असते. २०१६ पासून पादचारी ओलांडणीवर माणूस पलीकडच्या पदपथावर पोहोचेपर्यंत चाक हलवायचे नसते. पुण्यात मी गर्दीत फट शोधत गाडी काढायला शिकले होते आणि ते कौशल्यच होते. येथे नेमके तेच मोडून टाकावे लागले. पहिल्या रोड टेस्टमध्ये मी थांब्याच्या पाटीपाशी गाडी पूर्ण थांबवली नाही आणि खांद्यावरून मागे पाहिले नाही, म्हणून अनुत्तीर्ण झाले. परीक्षकाचे चुकले असे मला त्या दिवशी वाटले. आज वाटत नाही.

दुसऱ्या आक्षेपात दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत झाली आहे, आणि ती इतकी सर्रास होते की तिच्यावर थोडे थांबते. डिमेरिट पॉइंट गुन्ह्याच्या तारखेपासून दोन वर्षे नोंदीत राहतात, हे आपले म्हणणे बरोबर आहे. पण विमा कंपनी पॉइंट पाहत नाही, ती दोषसिद्धी पाहते, आणि सामान्यतः तीन वर्षांची पाहते. त्यामुळे ‘पॉइंट गेले, आता हप्ता उतरेल’ या भरवशावर राहणारा माणूस फसतो. वर सांगितलेल्या कॅमेऱ्याच्या दंडाला पॉइंट नसतात, कारण तो प्लेटवर पडतो, चालकावर नाही. उलट तोच लाल सिग्नल तोडताना पोलिसाने थांबवले, तर दोषसिद्धी चालकाच्या नावावर लागते.

पंधरा पॉइंट होईपर्यंत काही होत नाही, असेही आपण लिहिले आहे. पूर्ण जी परवान्यावर १५ पॉइंटांना ३० दिवसांचे निलंबन होते, हे खरे. परंतु आपल्या लोकांतले कित्येक जण वर्षानुवर्षे जी-टूवरच राहतात, आणि त्यांच्यासाठी हिशेब निराळा आहे. जी-वन किंवा जी-टू असताना चार किंवा अधिक पॉइंटांचा एकच गुन्हा सिद्ध झाला तरी परवाना ३० दिवस निलंबित होतो, दुसऱ्यांदा ९० दिवस, आणि तिसऱ्यांदा तो रद्द होऊन सगळे पहिल्यापासून सुरू करावे लागते. मर्यादेपेक्षा ताशी ३० किलोमीटर जास्त वेग म्हणजे चार पॉइंट. हायवेवर उतारावर तेवढा वेग नकळत होतो. गाडी चालवताना हातात फोन धरल्यास पहिल्या वेळी किमान ६१५ डॉलर दंड होतोच, शिवाय पूर्ण परवानाधारकाचे तीन दिवसांचे निलंबन जी-टूवाल्यासाठी ३० दिवसांचे होते. म्हणून जी-टूवर सगळे चालते, जीची घाई कशाला, हा सल्ला कोणीही कोणाला देऊ नये असे मी पुन्हा म्हणते. त्यातून पाच वर्षांत जी झाला नाही तर परवान्याची मुदतही संपते.

भीती घालण्याच्या याच आक्षेपात, मद्यपान करून गाडी चालवण्यावरच्या माझ्या परिच्छेदाला आपण ‘भयप्रचार’ म्हटले आहे. तो परिच्छेद मी एका शब्दानेही सौम्य करणार नाही. रक्तातील मद्याचे प्रमाण ०.०५ टक्के किंवा अधिक पण ०.०८ च्या खाली असेल, तर पहिल्या वेळी परवाना जागच्या जागी सात दिवस निलंबित होतो. ०.०८ पासून पुढे ९० दिवसांचे निलंबन, सात दिवस गाडीची जप्ती आणि फौजदारी खटला. जी-वन आणि जी-टूला तर थेंबही चालत नाही. १८ डिसेंबर २०१८ पासून या गुन्ह्याची कमाल शिक्षा दहा वर्षांची झाली, आणि त्यामुळे कॅनडाच्या स्थलांतर कायद्यात तो गंभीर गुन्हेगारीत मोडू लागला. प्रत्यक्षात केवळ दंड झाला तरी कमाल शिक्षाच धरली जाते. पीआर, म्हणजे कायम वास्तव्याची परवानगी, असलेल्या माणसावर देश सोडण्याची पाळी येऊ शकते. दिवाळीच्या जेवणानंतर ‘दोनच पेग तर घेतलेत’ म्हणून किल्ली उचलणाऱ्या माणसाला हे आधी माहीत असावे, एवढ्यासाठी मी ते लिहिले.

आपले धाकटे बंधू पुढच्या महिन्यात ब्रॅम्प्टनला येणार आहेत, असे आपण शेवटी लिहिले आहे. त्यांचा परवाना ज्या आरटीओचा आहे, तेथून अनुभवाचे पत्र त्यांनी विमानात बसण्यापूर्वीच मिळवावे, आणि त्यावर परवाना पहिल्यांदा कधी मिळाला ती तारीख आहे ना, हे नीट पाहून घ्यावे. नूतनीकरणानंतरच्या परवान्याचीच तारीख आली, तर मधली सगळी वर्षे त्या पत्रातून गळून पडतात. ६० दिवस भराभर जातात. नंतर सोबत चार वर्षांच्या अनुभवाचा पूर्ण परवानाधारक बसल्याशिवाय त्यांना जी-वनवर गाडी चालवता येणार नाही, मध्यरात्रीपासून पहाटे पाचपर्यंत मुळीच चालवता येणार नाही, आणि चारशेच्या मालिकेतले क्रमांक असलेल्या मोठ्या हायवेंवर प्रशिक्षक शेजारी असल्याशिवाय जाता येणार नाही. सोबत बसणारे आपणच असाल, तर आपल्याकडे पूर्ण जी परवाना आणि चार वर्षांचा अनुभव आहे का, हेही एकदा पाहून ठेवावे.