टॅप आधी पडतो, आणि ती लॅपटॉपची चूक नव्हे

निनावी महोदय,

मी लिहिलं होतं, की मेट्रोनोमच्या, म्हणजे ठरावीक लयीत टकटक करणाऱ्या यंत्राच्या, ठोक्याबरोबर बोट आपटायला (टॅप करायला) सांगितलं तर सगळे ते ठोक्याच्या किंचित आधीच आपटतात. "मेट्रोनोमच्या ठोक्याआधी लोक बोट आपटतात म्हणे! अहो, तो लॅपटॉपचा उशीर. आधी उपकरणं तपासा, मग ज्ञान पाजळा." ही तुमची प्रतिक्रिया. 'पाजळा' लिहायला हात धजावला, नाव लिहायला नाही. २० वर्षं तबला आणि ध्वनिमुद्रण, दोन्ही करतोय. लेटन्सी (यंत्राचा हा उशीर) म्हणजे काय हे मला नव्याने कळायचं नव्हतं.

एक मान्य. मी 'सगळे' लिहिलं होतं, 'बहुतेक' हवं होतं. दुरुस्त केलंय.

आता उशीर. तो टॅपला कुठल्या बाजूला ढकलतो, याचा विचार केलात? ठोका कानाशी उशिरा पोचला, तर बोटही त्या उशिरा ऐकलेल्या ठोक्यावरच पडणार, म्हणजे नोंदीत टॅप मागे. कीबोर्डने नोंद उशिरा घेतली, तरी मागेच. आणि प्रयोगांत टॅप दिसतो साधारण २० ते ८० मिलिसेकंद आधी! (मुरलेल्या वादकांचा कमी.) तुमचा उशीर हिशेबात धरला तर हा फरक वाढेल हो, घटणार नाही.

पडताळायचंय? ब्लूटूथ हेडफोन आधी दूर ठेवा. ठोक्याची वायर दुभागा: एक टोक हेडफोनला, दुसरं रेकॉर्डरच्या डाव्या चॅनेलला. टेबलाला चिकटवलेला कॉन्टॅक्ट माइक (टेबलाची कंपनं पकडणारा) उजव्याला. दोन्ही एकाच यंत्रातून जातात, म्हणून यंत्राचा उशीर वजाबाकीत उडतो. ६०० मिलिसेकंदांच्या अंतराने ६० ठोके. पहिले १० सोडा, तेवढ्यात हात लय धरत असतो. बोट टेबलावर टेकवून ठेवू नका, घासल्याचा आवाजही टॅप म्हणून मोजला जातो. मग ठोके वेड्यावाकड्या अंतरांनी सोडा. बोट ठोक्याच्या मागे पडेल, कारण आता अंदाज बांधायला काही उरलेलं नाही.

"मेट्रोनोम म्हणजे संगीत नव्हे" हे तुमचं म्हणणं खरं. ठोक्यांमधली जागा भरली की फरक आक्रसतो. विलंबित (संथ लयीतल्या) एकतालात तबलजी 'तिरकिट'सारखे बोल उगाच भरत नाही.

प्रयोगांत बहुतेक पाश्चात्त्य विद्यार्थीच असतात, हेही लिहिलंत. असतात. पुन्हा कधीतरी.

मोजलंत तर फाइल पाठवा. वेव्ह पाठवा, एमपी३ नको. एमपी३मध्ये ठोक्याची धार बोथट होते आणि मग तुम्ही पुन्हा उपकरणांना दोष द्याल.