'क्वीन टू' ऐकायचा तर शफल बंद करा

क्वीन हा ब्रिटिश रॉक बँड म्हटलं की 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'पाशी गाडी थांबते. पण त्या गाण्यातली बहुतेक कारागिरी दीड वर्षाहून जास्त आधी, ८ मार्च १९७४ ला आलेल्या 'क्वीन टू' या अल्बममध्ये होऊन गेलेली होती. ब्रिटनमध्ये अल्बम पाचव्या नंबरापर्यंत गेला, तरी हिट म्हणावं असं गाणं एकच निघालं, 'सेव्हन सीज ऑफ ऱ्हाय'. मग 'ग्रेटेस्ट हिट्स'वर वाढलेल्यांना बाकीचा अल्बम कळणार कसा?

हा अल्बम सुटा सुटा ऐकला की फसतो. एलपीला ए आणि बी बाजू नाहीत, व्हाइट आणि ब्लॅक आहेत. व्हाइट बाजूची गाणी मुख्यतः गिटारवादक ब्रायन मेने लिहिलेली, ब्लॅकची सगळी गायक फ्रेडी मर्क्युरीने. ब्लॅकवर 'ओगर बॅटल' संपता संपता 'द फेअरी फेलर्स मास्टर-स्ट्रोक'मध्ये शिरतं, ते 'नेव्हरमोर'मध्ये. प्लेअरमधला क्रॉसफेड (एक गाणं विरताना दुसरं त्यावर चढवणं) चालू असेल तर हे सांधे एकमेकांवर चढतात, गॅपलेस (दोन गाण्यांत खंड न पाडणं) बंद असेल तर मधेच कचकन तुटतात. म्हणून शफल आणि क्रॉसफेड बंद, गॅपलेस चालू. बोनस गाणी नसलेली, ११ गाण्यांची आवृत्ती घ्या.

आणि हेडफोन हवाच. 'फेअरी फेलर'मध्ये आवाज डावी-उजवीकडे नुसते पळत असतात. फोनच्या एका स्पीकरवर सगळा गिचका होतो. (गाण्यातली पात्रं रिचर्ड डॅडच्या चित्रातली, चित्र लंडनच्या टेट संग्रहात आहे. ते समोर उघडून ऐका.)

आवाज थोडा गढूळ वाटेल, त्यात तुमच्या हेडफोनचा दोष नाही. अल्बम ध्वनिमुद्रित झाला त्या लंडनच्या ट्रायडंट स्टुडिओत १६ ट्रॅकच, म्हणजे टेपवर वेगवेगळे आवाज भरायच्या १६ पट्ट्याच हाताशी होत्या. गायनाचे आणि गिटारचे थर मावेनात, म्हणून भरलेले ट्रॅक एकत्र करून दुसऱ्या ट्रॅकवर उतरवायचे आणि जागा मोकळी करायची. दर उतरवणीला टेपची खरखर वाढते, वरचे सूर बोथट होतात. इक्वलायझरवर ट्रेबल चढवलंत तर आधी ती खरखरच वर येईल. त्यापेक्षा आवाज मोठा करा.

'व्हाइट क्वीन'मध्ये सतारीचा भास होतो, ती सतार नाही. मेने अकूस्टिक गिटारच्या ब्रिजवर (तारा जिथे टेकतात त्या घोडीवर), तारांखाली फ्रेटच्या, म्हणजे गिटारच्या दांड्यावरच्या आडव्या पट्टीच्या तारेचा तुकडा बसवला होता. तार त्याला जेमतेम घासते आणि सतारीच्या जवारीसारखी झणझणते.

सगळ्यात अवघड 'द मार्च ऑफ द ब्लॅक क्वीन', साडेसहा मिनिटांचं. त्यात एके ठिकाणी ८/८ आणि १२/८ असे दोन ताल एकाच वेळी चालतात. पहिल्यांदा ऐकताना ताल धरायच्या भानगडीत पडू नका, नुसता पियानो पकडा. 'ऱ्हॅप्सडी' यापुढे सरळसोट वाटते, आणि लोकांना ती आवडली यात नवल नाही.

व्हाइट बाजूचं शेवटचं, ड्रमर रॉजर टेलरचं 'द लूझर इन द एंड' मात्र या पंगतीत बसत नाही. ते गाळलंत तरी चालेल. 'सेव्हन सीज' गाळू नका, पाठ असलं तरी: त्याच्या शेवटी समुद्रकिनाऱ्यावरचं जे जुनं गाणं घोळक्याने म्हटलंय, त्याचीच शिट्टी पुढच्या 'शिअर हार्ट अटॅक' अल्बमच्या सुरुवातीला वाजते.