रोइंग मशीनचं बटण आणि ते पाच तास: दोन स्टारच्या रिव्ह्यूला दुकानदाराचं उत्तर

नमस्कार सर,

तुमचा रिव्ह्यू वाचला. एकदा नाही, पाच-सहा वेळा वाचला. आधी माफी मागतो. हँडलवर बसवून दिलेलं बटण आठव्या दिवशी बंद पडलं, मशीन सातव्या लेव्हलवर अडकून बसलं आणि तुम्ही तीन वेळा फोन केलात तो मी उचलला नाही. दोन दिवस निलंग्याला भाचीचं लग्न होतं, फोन कुठल्या पिशवीत पडला होता मलाच माहीत नव्हतं. तरी दुकान चालवणाऱ्या माणसानं घरी आल्यावर उलटा फोन करायला पाहिजे होता. तो केला नाही. ही चूक माझी, कबूल.

पण सर, "साधं एक बटण बसवायला पाच तास टाइमपास केला" हे तुमचं वाक्य काही केल्या डोक्यातून जाईना. त्याबद्दल बोलल्याशिवाय मला राहवत नाही.

आधी वाचणाऱ्या बाकीच्या लोकांसाठी सांगतो, काम काय होतं. सरांकडं घरी रोइंग मशीन आहे, नाव वल्हवल्यासारखं बसून ओढायचं ते. त्याचं वजन, म्हणजे ओढायला किती जड जावं ते, स्क्रीनखालच्या नॉबनं कमी-जास्त होतं. नॉब फिरवायचा म्हणजे ओढणं थांबवून, हँडल एका हातात धरून पुढं वाकायचं. सरांना ते कंट्रोल हँडलवरच पाहिजे होतं. त्यांनी स्वतः ऑनलाइन किट मागवलं: एक छोटी मोटार, तिचा अडॅप्टर आणि हँडलला बांधायचा प्लस-मायनसचा रिमोट. बसवायचं काम माझं. शुक्रवारी फोनवर १,५०० रुपये ठरले आणि १,५०० च घेतले. दोन तासांत झालं असतं तरी १,५००, दहा तास लागले असते तरी १,५००. मग सर, टाइमपास करून मला काय मिळणार होतं? उलट त्या रविवारी बार्शी रोडला ट्रेडमिलचा पट्टा बदलायचा होता, ते गिऱ्हाईक मी दुसऱ्या दिवसावर ढकललं.

आता पाच तास. मी १० वाजून ५० मिनिटांनी आलो आणि ३ वाजून ५० मिनिटांनी निघालो, हे बरोबर आहे. पण मशीन गच्चीवरच्या खोलीत भिंतीला उभं होतं आणि त्याच्यापुढं कुरडयांचे, पापडांचे डबे, गाद्या, जुना कूलर. मी आणि माझ्यासोबतच्या पोरानं ते सगळं हलवून मशीन आडवं करेपर्यंत ११:२५ झाले. १२:२० ला लाईट गेली ती १:३५ ला आली. मोटारची सेटिंग अर्धवट होती, ती पुन्हा पहिल्यापासून करावी लागली. तुम्ही लिहिलंय की मी "मध्येच पळून गेलो". लाईट नव्हती तेव्हाच मी गंजगोलाईला दुकानात जाऊन आलो, कारण किटमधला क्लॅम्प तुमच्या हँडलच्या पाइपला सैल होत होता. सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी कापून आणली आणि क्लॅम्पच्या आत दोन वेढे दिले. आज बटण बंद असेल, पण हँडलवरून तो रिमोट एक रेघ हललेला नसणार. बघा हात लावून.

आणि दोन वाजता तुमच्या आईंनी आम्हा दोघांना जेवायला बसवलं. मी नको म्हणालो होतो. त्या म्हणाल्या, "उन्हाचं उपाशी काम करू नका, बसा." धपाटे, दही, आमरस. त्या माउलीच्या ताटावर खाल्लेल्या अन्नाचा हिशेब मांडायला मलाच कसंतरी होतंय. पण ती २५ मिनिटंसुद्धा तुम्ही माझ्या टाइमपासमध्ये धरलीत, म्हणून लिहावं लागलं.

हे सगळं वजा केलं तर माझं काम झालं पावणेतीन तास. त्यातले सगळ्यात जास्त गेले शेवटच्या सेटिंगला, आणि ते का जातात हेही सांगतो. तुमच्या मशीनमध्ये एका पट्टीवर मॅग्नेट आहेत आणि समोर ॲल्युमिनियमचं चाक फिरतं. मॅग्नेट चाकाला टेकत नाहीत, मध्ये दोन-अडीच मिलिमीटरची फट असते. चाक फिरायला लागलं की त्यात वीज खेळते आणि तीच वीज चाकाला मागं ओढते. मॅग्नेट जितके जवळ, तितकी ओढ जास्त. चाक थांबलेलं असेल तर ओढ नाहीच. म्हणून बटण दाबून नुसतं बघून काही कळत नाही, प्रत्येक लेव्हलवर माणूस बसवून वीस-पंचवीस वेळा ओढून बघावं लागतं. अशा आठ लेव्हली. बरं, मॅग्नेटची पट्टी ओढते ती एक बारीक वायर. ती अर्धा मिलिमीटर सैल राहिली तर पहिली, दुसरी आणि तिसरी लेव्हल एकसारखीच लागते. जास्त ताणली तर शेवटच्या लेव्हलला मोटार ओढतच राहते आणि वायरच्या टोकाचा गोळा उपटून येतो. शिवाय नवीन वायर पहिल्या काही ओढींत बसते, म्हणजे थोडी सैल पडते. म्हणून आठही लेव्हली दोनदा केल्या. तुम्ही मध्ये दोनदा फोन घ्यायला खाली गेलात, मी थांबलो. त्याबद्दल माझी तक्रार नाही. काम अर्धं टाकून निघालो असतो तर दोन वाजताच घरी गेलो असतो, पण ते मला जमत नाही.

तुम्ही असंही लिहिलंय की "शेवटी सायकलवालाच तो". हो सर, सायकलवालाच. आमचं गाव औसा तालुक्यातलं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या भूकंपानंतर वडिलांनी गावातलं सायकलचं दुकान लातूरला आणलं, तेव्हा मी शाळेत होतो. शाळा सुटली की ब्रेकच्या वायरी ओवायचं काम माझ्याकडं. तुमच्या मशीनमध्ये जी वायर आहे ती तीच आहे, आत तार, बाहेर आउटर, टोकाला गोळा आणि ताण धरायला ॲडजस्टरचा नट. ती किती ताणायची हे पुस्तकात नसतं, बोटाला कळतं. माझ्या बोटाला ते वडिलांनी शिकवलं. त्यामुळं या शब्दाची मला लाज नाही. पण तुम्ही तो ज्या अर्थानं लिहिलात तो समजला आणि लागला.

बटण वायरचं का नाही बसवलं, "वायर असती तर सेल संपलाच नसता", हा तुमचा प्रश्न रास्त वाटतो म्हणून उत्तर देतो. हँडल प्रत्येक ओढीला सव्वा मीटरच्या आसपास मागं येतं आणि पुढं जातं. मिनिटाला चोवीस ओढी धरल्या तरी वीस मिनिटांत ४८० वेळा. हँडलला वायर जोडली असती तर ती आधी गुडघ्यात अडकली असती आणि मग तुटली असती. म्हणून तिथं वायरलेसच लागतं. जुना नॉब "निकामी केला" म्हणता, पण एकच वायर नॉब आणि मोटार दोघांना ओढता येत नाही. नॉबची जुनी वायर गुंडाळून, रबर लावून पिशवीत घालून दिली आहे. कधीही सांगा, पंधरा मिनिटांत नॉब पूर्वीसारखा करून देतो.

आता बटण का बंद पडलं. परवा तुमच्या धाकट्या भावानं मशीनचा फोटो पाठवला, त्यात दिसलं. रिमोट मी हँडलच्या बरोबर मधोमध, बटणं आतल्या बाजूला करून बसवला, कारण तिथं दोन्ही अंगठे पोचतात. पण व्यायाम झाल्यावर हँडल हुकात अडकवलं की प्लसचं बटण हुकाच्या दांडीवर दाबून बसतं. रात्रभर दाबलेलं राहिलं आणि आतला सीआर २०३२ चा गोल सेल आठ दिवसांत उतरला. हे मला बसवतानाच दिसायला पाहिजे होतं. मी हँडल हातात धरून पंचवीसदा तपासलं, हुकात ठेवून एकदाही बघितलं नाही. यापुढं बघूनच निघणार. आणि रिमोट बंद असला तरी मोटारच्या डब्यावर प्लस-मायनसची दोन बटणं आहेत, त्यावरूनही लेव्हल खाली येते. ते मी तुमच्या भावाला दाखवलं होतं, तुम्ही तेव्हा फोनवर होतात. तुम्हाला पुन्हा सांगायला पाहिजे होतं, कागदावर लिहून ठेवायला पाहिजे होतं. तेही इथून पुढं करीन, फोनचंही काहीतरी करतो, दुकानातल्या पोराकडं दुसरा नंबर देऊन ठेवतो.

सर, ४१ रिव्ह्यूंमध्ये हा पहिला दोन स्टारचा आहे. तो आल्यापासून उदगीरच्या एका जिमवाल्यानं ठरलेलं काम "बघू नंतर" म्हणून थांबवलं. त्यांनी कारण सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. पण माझ्यासोबत त्या दिवशी गाद्या उचललेल्या पोरानं मला मोबाइलवर तुमचं लिहिलेलं दाखवलं आणि विचारलं, "मालक, आपण टाइमपास कधी केला?" त्याला काय सांगू?

रिव्ह्यू काढून टाका असं म्हणत नाही. बटण बंद पडलं ते खरं आहे, ते तसंच राहू द्या. फक्त त्या पाच तासांचा एकदा पुन्हा विचार करा.

येत्या रविवारी सकाळी नऊला येतो, लाईट जायच्या आत. नवीन सेल माझ्याकडून, रिमोट दोन बोटं उजवीकडं सरकवून, बटणं वरच्या बाजूला करून देतो, आठही लेव्हली पुन्हा तपासतो. पैसे घेणार नाही. येताना जेवून येईन, आईंना तसं सांगा आणि माझा नमस्कार सांगा. तोपर्यंत डब्यावरच्या मायनसच्या बटणानं लेव्हल तीनवर आणा, सातवर ओढून कंबर दुखवून घेऊ नका. आणि हँडल हुकात न अडकवता खाली सीटवर ठेवा.

आपला,
दुकानाचा मालक, गंजगोलाई, लातूर