चोर्ला घाटातली शर्यत : फुकटात पाहायच्या जागा

दर रविवारी सकाळी, आणि पावसाळ्यात शनिवारीसुद्धा, आमच्या केरीहून वर चोर्ला घाटात मोटारसायकलींची शर्यत असते. तिकीट नाही, वेळापत्रक नाही, रस्ता बंद करायची भानगड नाही. अडचण एवढीच की जाहिरात कुठंच नसते, त्यामुळे नवख्या माणसाला नेमकं उभं कुठं राहावं ते कळत नाही. आम्ही गोव्याच्या सत्तरी तालुक्यातले, त्यातही रस्त्याकाठचे. प्रेक्षक व्हायचंय का, असं आम्हाला कुणी विचारलं नव्हतं, पण अनुभव मात्र दांडगा झालाय. तो तुमच्या कामी यावा म्हणून हा खटाटोप.

सगळ्यात चांगली जागा बसथांब्याची. बसायला कट्टा असतो, डोक्यावर पत्रा असतो आणि कदंब, म्हणजे आमची सरकारी बस, वेळेवर येत नसल्यामुळे शर्यत अर्ध्यावर सोडून जावं लागत नाही. थांबा वळणाला लागून असला तर सोन्याहून पिवळं. मी गेल्या रविवारी आईला साखळीला मावशीकडे सोडायला म्हणून अशाच थांब्यावर उभा होतो. आईच्या हातात पिशवी, पिशवीत परसातली तवशी, म्हणजे मोठ्या काकड्या, आणि आळूची पानं. तेवढ्यात घाटातून सात-आठ जण उतरले. पहिला वळणावर इतका आडवा झाला की गुडघा डांबराला टेकतो की काय! बघण्यासारखं दृश्य. फक्त तो हे सगळं उजव्या बाजूला, म्हणजे आमच्या बाजूला येऊन करत होता. आई मागे सरली ती थेट गटारात. पाणी पोटरीपर्यंत. पिशवी सुटली, तवशी रस्त्यावर घरंगळली, आणि मागच्या गाडीचं चाक एका तवशावरून गेलं. गाडीचं ढुंगण जरा हललं, पण पोरानं सावरली. कौतुक केलंच पाहिजे.

मग शेवटचा थांबला. मला वाटलं, म्हातारीला लागलं का विचारतोय. त्यानं हेल्मेटची काच वर केली आणि अगदी आदबीनं म्हणाला, ‘‘मावशी, इथं नका उभ्या राहू, फ्रेममध्ये येता. आम्ही परत वर जाऊन येतोय.’’ मराठीतच बोलला. म्हणजे ‘बाहेरचे लोक येतात आणि गोव्याची वाट लावतात’ म्हणायचीही सोय नाही. कुठला ते नंबर प्लेटवरून कळलं असतं, पण ती वर दुमडलेली. आई गटारातूनच ‘‘बरं बाबा’’ म्हणाली. सत्तरी ओलांडलेली बाई, आपल्या गावात, आपल्या थांब्यावर, एका पोराची फ्रेम बिघडवल्याबद्दल ओशाळली. आणि ते खरंच परत वर जाऊन आले!

असो. पुढची जागा.

वळणाची बाहेरची बाजू. ज्याला वळण जमत नाही तो सरळ तिकडेच येतो, त्यामुळे भेटीगाठी होतात.

धबधब्यापाशी उभं राहायचं असेल तर रस्त्याच्या मधोमध राहा. कडेला जागा नसतेच, तिथं भाड्याच्या थार लागलेल्या असतात. छत्री उघडी ठेवा, पाठ गाड्यांकडे करा आणि सेल्फी काढा. धुकं असेल तर आणखी छान. येणाऱ्याला तुम्ही दिसत नाही, तुम्हाला तो दिसत नाही, दोघांनाही तणाव नाही.

पोलीस नाक्यावर मात्र उगाच वेळ दवडू नका. तिथं शर्यत दिसत नाही. तिथं हेल्मेट विसरलेला दूधवाला दिसतो, पीयूसी संपलेला मास्तर दिसतो. शर्यतवाल्याचं हेल्मेट तीस हजारांचं, अंगात कातडी सूट. असल्या सभ्य माणसाला थांबवायचं तरी कशासाठी? सायलेन्सरचा आवाज म्हणाल, तर तो अंजुणे धरणाच्या पलीकडे ऐकू जातो, नाक्यावरच तेवढा पोचत नाही.

सत्तरीपर्यंत येणं जमत नसेल तर पणजीच्या लोकांनी रात्री अकरानंतर रायबंदरच्या बांधावर जावं. सतराव्या शतकात पोर्तुगिजांनी बांधला तेव्हा हा उपयोग त्यांच्या डोक्यात नसणार, पण रस्ता सरळ आहे, मांडवीचा वारा आहे. पणजीच्या अटल सेतूवर दुचाकींना बंदी आहे, म्हणून तिथं फार आशा ठेवू नका. अगदीच निराशा होईल असंही नाही.

परदेशात हा खेळ किती मागासलेला आहे ते ऐकलं की हसू येतं. आयल ऑफ मॅन नावाच्या बेटावर 1907 पासून टीटी, म्हणजे टुरिस्ट ट्रॉफी, ही मोटारसायकलींची शर्यत होते. गावांतून, डोंगरावरून जाणारा साठेक किलोमीटरचा साधा सार्वजनिक रस्ता, दोनशेहून जास्त वळणं. पण केवढा बाऊ! आधी कायद्यानं रस्ता बंद करायचा. एकदा बंद झाला की समोर स्वतःचं घर असलं तरी ओलांडायचा नाही. ठिकठिकाणी मार्शल झेंडे घेऊन उभे. जिथं गाडी सुटून अंगावर येऊ शकते तिथं ‘प्रेक्षकांना मनाई’ अशी पाटी. स्वार सोडायचे तेही एकेक, दहा-दहा सेकंदांनी. बॅलाफ ब्रिजवर गाड्या दोन्ही चाकांनी हवेत उडतात, ते पाहायला लोक सकाळीच येऊन बसतात आणि रस्ता उघडेपर्यंत तिथून हलत नाहीत. एवढं सगळं करूनही त्या रस्त्यानं आजवर अडीचशेहून जास्त स्वारांचा जीव घेतलाय. आपल्याकडे यातलं काहीच करावं लागत नाही. आपल्याकडे मार्शलचं काम रस्त्यात बसलेल्या गाई करतात, आणि रस्ता बंद होतो तो दरड कोसळल्यावर.

घरून पाहायची असेल तर काहीच करू नका. अंथरुणात पडून राहा. शर्यत येते.

पुरे झालं. गंमत करायला बसलो खरा, पण जमत नाहीये.

पोरा, तुला कॉर्नर मारता येतो, हे आम्ही बघितलं. वळणापलीकडे काय आहे ते तुला दिसतं का? सर्किटवर तेच वळण दर फेरीला येतं, सगळे एकाच दिशेनं जातात, समोरून कुणी येत नाही. घाटात समोरून कदंब येते, बेळगावची भाजीची गाडी येते, कालच्या पावसानं वाहून आलेली माती असते, कुणाच्या टाकीतून सांडलेलं डिझेल असतं. तुला ही साधी गोष्ट कळत नसेल तर तू रेसर नाहीस, तू नुसता महागड्या गाडीवरचा बेअक्कल माणूस आहेस. खाज असेल तर कोइम्बतूरला जा, चेन्नईला इरुंगट्टुकोट्टईला जा. तिथं सर्किटं आहेत, पैसे भर, घाल किती घालायच्या त्या फेऱ्या, पड, ऊठ. तिथं पडलास तर डॉक्टर असतो. इथं पडलास तर तुला उचलायला आम्हीच धावणार, आणि अॅम्ब्युलन्स येईपर्यंत तुझं डोकं धरून बसणार. ते आम्ही केलंय.

आणि त्याच्या बापाला काय म्हणावं? बारावी पास झाला म्हणून, नाक्यावरची मिठाई घेऊन द्यावी इतक्या सहजपणे, पोराला तीन लाखांची गाडी घेऊन देतात. काहींची पोरं बारावीलाही पोचलेली नसतात. अल्पवयीन पोरानं गाडी चालवताना काही गुन्हा केला तर पालकाला पंचवीस हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद, असं मोटार वाहन कायद्यात 2019 पासून लिहिलेलं आहे, कलम 199 अ. रस्त्यावर शर्यत लावणं हाही त्याच कायद्यात गुन्हा आहे, कलम 189. ते कधीतरी दूधवाल्याची पावती फाडून झाल्यावर वाचा, साहेब.

राहता राहिलात तुम्ही. होय, तुम्हीच, जे चांगली जागा शोधत इथवर वाचत आलात. कठड्यावर चढून, मोबाईल वर धरून, ‘‘अजून एकदा, अजून एकदा’’ म्हणून ओरडणारे तुम्ही नसता तर तो पोरगा परत वर गेला नसता. एकटा, कुणी बघत नसताना, पावसात, गुडघा टेकवायला कुणी जात नाही. तो पडतो तेव्हाही तुम्ही आधी शूटिंग करता आणि मग कुणीतरी पाणी आणा म्हणता. जागा हवी आहे ना? चहा-भजी खा, धबधबा बघा, गाडी रस्त्याच्या पूर्ण बाहेर लावा आणि अंधार पडायच्या आत खाली उतरा. बाकी आमच्या रस्त्यावर तुमच्यासाठी कुठलीही जागा नाही.