धडधाकट विमानही डोंगरावर आदळतं

गस्ती विमान डोंगरात कोसळून माणसं गेली की दोन दिवसांत एक मजकूर फिरू लागतो. आशय ठरलेला: "रडार, जीपीएस, उंचीमापक एवढं सगळं असलेलं लष्करी विमान डोंगराला आपटूच शकत नाही. इंजिन बंद पडलं असणार, नाहीतर कुणी पाडलं असणार. सिग्नल नाही, अहवाल नाही, म्हणजे काहीतरी दडपलं जातंय." कुठल्या अपघातात नेमकं काय झालं हे तपासातच कळतं. पण "आपटूच शकत नाही" हे पहिलं वाक्यच खोटं आहे. १९७७ मध्ये कॅनरी बेटांतल्या एल हिएरोवर अमेरिकी नौदलाचं पी-३ ओरायन हे गस्ती विमान डोंगरावर आदळून १३ जण गेले, १९८३ मध्ये हवाईतल्या कावाई बेटावर तशाच विमानातले १४, आणि १९९० मध्ये स्कॉटलंडच्या हॅरिस बेटावर ब्रिटिश हवाई दलाच्या शॅकल्टन विमानातले १०.

"रडारला डोंगर दिसतोच." सागरी गस्तीचं रडार जहाजं आणि पाणबुडीचा पेरिस्कोप हुडकायला बनवलेलं असतं, आणि त्याचा पडदा असतो मागे केबिनमध्ये बसलेल्या ऑपरेटरपुढे. जमिनीचा चढउतार हेरून विमान वरखाली नेणारं रडार ही वेगळीच चीज. ती टोर्नेडो, एफ-१११ अशा हल्ल्याच्या विमानांवर असायची.

"उंचीमापक खोटं बोलत नाही." बोलतं. ते हवेचा दाब मोजतं, आणि त्या ठिकाणचा दाब वैमानिकाने त्यात हाताने लावायचा असतो. दाब मोजायच्या एककात, म्हणजे एका हेक्टोपास्कलला साधारण २८ फूट, म्हणजे दहाची चूक झाली की २८० फूट गेले. थंडी आणखी फसवते. त्या उंचीला गृहीत धरलेल्या प्रमाण तापमानापेक्षा दर १० अंश कमी असलं की खरी उंची सुमारे ४ टक्क्यांनी कमी भरते. हवा २० अंशांनी गार असेल, तर काट्यावर ५,००० फूट दिसताना विमान ४,६०० च्या आसपास असतं.

खाली रेडिओ लहरी सोडून मोजणारा रेडिओ उंचीमापक खरी उंची सांगतो, पण फक्त पोटाखालची. २४० नॉटला विमान सेकंदाला १२३ मीटर कापतं. खाली १,००० फूट मोकळे असताना ४५ अंशांचा चढ सुरू झाला, तर अडीच सेकंदांत ते संपतात. तेवढ्यात काटा पाहायचा, पटवून घ्यायचा आणि योक, म्हणजे विमानाचं नाक वर उचलणारा दांडा, ओढायचा.

"धोक्याचा इशारा वाजला असता." जमीन जवळ आल्याची सूचना देणारी जुनी यंत्रणा याच रेडिओ उंचीमापकावर चालते, त्यामुळे पुढचा कडा तिला दिसत नाही. जगाचा भूभाग साठवून पुढे पाहणारी सुधारित यंत्रणा आली १९९० च्या दशकात. पी-३ आणि सोव्हिएत बनावटीचं गस्ती विमान इल्युशिन-३८ यांचे आराखडे त्याच्या कितीतरी आधीचे. लष्करी विमानांना नागरी सक्तीही लागू नाही. शिवाय पाण्यावर काहीशे फुटांवरून फिरणं हेच ज्यांचं काम, त्यांच्या कानात हा इशारा उगाच वाजत राहतो आणि त्याची धार जाते.

"वैमानिकाने वळवलं का नाही?" जागा लागते. त्याच वेगाला ३० अंश कलून वळलं, तर वळणाची त्रिज्या सुमारे २,७०० मीटर येते. उलट फिरायला पाच किलोमीटरहून रुंद दरी हवी. म्हणून तर ढगात उडताना डोंगराळ भागात आठ किलोमीटरच्या परिघातल्या सर्वांत उंच अडथळ्यावर २,००० फूट राखायचे असतात. ढग खाली आले म्हणून त्यांच्याखालून वाट काढत दरीत शिरलं, की हा हिशेब मोडला.

"इंजिन बंद पडलं असणार." हे अवशेषांवरून बऱ्यापैकी ताडता येतं. शक्ती देत फिरणाऱ्या पंख्याची (प्रोपेलरची) पाती टोकाशी पुढे वाकतात आणि पिळतात. झाडांवर, मऊ मातीत त्यांचे घाव ओळीने उमटतात. पी-३ चा चार पात्यांचा पंखा मिनिटाला १,०२० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला ६८ घाव. २४० नॉटला दोन घावांत सुमारे १.८ मीटर अंतर पडतं. टेप घेऊन मोजायची गोष्ट आहे; अंतर जुळलं, तर पंखा त्याच्या नेहमीच्या वेगाने फिरत होता. नाक, शेपूट, दोन्ही पंखांची टोकं एकाच उतारावर सापडली, तर विमान अखंड आदळलं असं समजा. हवेत फुटलेल्या विमानाचे तुकडे किलोमीटरभर पसरतात.

"अहवाल दडपला." नागरी अपघाताचा प्राथमिक अहवाल ३० दिवसांत देण्याची अपेक्षा असते. नागरी विमानवाहतुकीच्या आंतरराष्ट्रीय शिकागो कराराच्या तिसऱ्या कलमाने लष्करी विमानं त्या व्यवस्थेबाहेर ठेवली आहेत. लष्करं याचा फायदा घेतात आणि त्यावर चिडणं रास्तच आहे; फक्त त्यातून घातपात सिद्ध होत नाही.

"सिग्नल मुद्दाम बंद केला." आपत्कालीन प्रक्षेपक ४०६ मेगाहर्ट्झवर साधारण ५० सेकंदांनी एकदा संदेश सोडतो. धडकेत अँटेनाची वायर तुटली, आग लागली किंवा डबा खोल घळीत पडला, की उपग्रहापर्यंत काहीच पोचत नाही. ३ जून २०१९ ला अरुणाचलात मेचुकाकडे निघालेलं हवाई दलाचं एएन-३२ हे मालवाहू विमान १३ जणांसह बेपत्ता झालं. पी-८आय गस्ती विमान, सुखोई लढाऊ विमानं आणि उपग्रह लावूनही अवशेष दिसले ते ११ जूनला, सुमारे १२,००० फुटांवरच्या जंगलात.

आणि तो ब्लॅक बॉक्सचा "महिनाभर चालणारा बीप"? ३७.५ किलोहर्ट्झचा तो ध्वनी पाण्याचा स्पर्श झाल्यावरच सुरू होतो. डोंगरावर तो वाजतच नाही. नावाला ब्लॅक असलेला हा नारिंगी डबा ढिगाऱ्यातून डोळ्यांनीच शोधावा लागतो.